जेट-स्कीचा तळ खरवडलाय: जेलकोट मारू, रंग मारू की तसाच ठेवू?

देवबाग_ओहोटी
नमस्कार मंडळी. तारकर्लीच्या बाजूला आमचा वॉटर स्पोर्ट्सचा छोटासा धंदा आहे. दोन जेट-स्की, एक बनाना, एक बंपर. गेल्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी एका गिऱ्हाईकाने उत्साहाच्या भरात हँडल खडकाकडे वळवलं. मागे बसलेल्या आमच्या पोराने लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी दोरी) खेचेपर्यंत मशीन कालवांवरून घासत गेलं होतं. माणसं सुखरूप, तळ मात्र सोलला.

नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे हातभर लांब तीन ओरखडे आहेत. दोघांत नख अडकतं, एवढंच. तिसऱ्यात पांढरे धागे दिसतात आणि त्याच्या टोकाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गेल्यात. शिवाय पुळणीवर ओढून ओढून मधल्या कण्याची धार बोथट झालीय, तिथे चकाकी म्हणून उरलेली नाही. दुसरं मशीन लहान आणि हलकं आहे, त्याला नुसते वरवरचे चरे.

तालुक्याच्या गावातला एक गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही मशीनचा पूर्ण तळ घासून रंगवायला हवा. आकडा ऐकून चहा घशात अडकला. मेअखेर धंदा बंद होईल, मग पावसात मशीन पडूनच असतात. तेव्हा जून-जुलैत घरच्या पडवीत आपणच हे काम उरकावं असा विचार आहे. कोणी केलंय का? काय सामान लागेल?

पुणेरी_स्पॅनर
सोपं आहे हो. गाडीच्या डेंटिंगवाल्याकडून लांबीचा (पुट्टीचा) डबा आणा, भरा, वॉटर पेपर मारा, वरून स्प्रे. माझ्या बुलेटच्या टाकीचा पोचा असाच भरला, चार वर्षं झाली, कुठे आहे ते मलाही सापडत नाही.

फायबरकाका_हर्णै
स्पॅनरराव, बुलेट पाण्यात पोहत नाही. गाडीच्या लांबीत टाल्कची भुकटी असते, ती पाणी पिते. पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागात, हँडलच्या बाजूला कुठे मारलीत तर चालून जाईल. तळाला मारलीत तर फुगणार, आणि एके दिवशी भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी सुटणार. वर मारलेला रंगही तिच्याबरोबर जाणार.

ओहोटीभाऊ, सामानाची यादी नंतर. आधी मशीन कशाचं आहे ते बघा. तिथेच सगळे फसतात. आमच्याकडे होड्या दुरुस्त करणारा कोणीही पोरगा जेट-स्की बघून म्हणेल "फायबरच आहे, मारतो मॅट". पण जेट-स्कीत तीन जाती आहेत.

पहिली, आपल्या होडीसारखी: पॉलिएस्टर रेझीन (गोठून कडक होणारी राळ), काचेच्या धाग्यांची मॅट आणि वर अर्धा मिलिमीटरच्या आसपास जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत रंगीत थर. दुसरी, साच्यात दाबून काढलेली, तिला एसएमसी म्हणतात. यामाहाची २००८ पासूनची नॅनोएक्सेल याच कुळातली. तिच्यावर जेलकोट नसतो, रंग असतो. तिसरी, प्लास्टिकची. सी-डूने २०१४ साली स्पार्क आणली तिचा पॉलिटेक तळ म्हणजे काचेचे धागे घातलेलं पॉलिप्रॉपिलीन, आणि रंग मुरलेला आतच.

ओळखायचं कसं? सीट काढा, बॅटरी सोडवा, इंजिनाच्या बाजूने आतल्या भिंतीवरून हात फिरवा. आत खरखरीत, धाग्यांची नक्षी दिसली तर पहिली जात. आतून-बाहेरून दोन्हीकडे गुळगुळीत असेल तर एसएमसी नाहीतर प्लास्टिक. मग ओरखड्याच्या कडेला ब्लेडने किंचित खरवडा. भुगा पडला तर जेलकोट. पेन्सिल तासल्यासारखी लवचिक वळी निघाली तर प्लास्टिक. मॅन्युअल असेल तर तेही उघडा, पण सेकंडहँड मशीनबरोबर ते कोण देतो!

देवबाग_ओहोटी
काका, लगेच बघून आलो. मोठं मशीन आतून खरखरीत, मॅटचे धागे स्पष्ट. ब्लेडने पांढरा भुगा. लहान मशीनची मात्र काळी वळी निघाली, अगदी तुम्ही म्हणालात तशी. म्हणजे गॅरेजवाला दोन्हीला एकच रंग मारणार होता?

फायबरकाका_हर्णै
मारला असता, आणि लहान मशीनचा पुढच्या सीझनला पट्ट्यापट्ट्यांनी निघाला असता. पॉलिप्रॉपिलीनला ना पॉलिएस्टर धरत, ना एपॉक्सी, ना रंग. तुमच्या घरातल्या बादलीला स्टिकर किती दिवस टिकतो? त्या मशीनच्या चऱ्यांना हात लावू नका. धारदार कुसं उभी राहिली असतील तर ब्लेडने सपाट करा, बास. आरपार चीर गेली असेल तरच प्लास्टिक वेल्डिंगवाला गाठायचा, आणि तोही त्याच जातीची कांडी वापरणारा.

मालवणी_मुसाफिर
आमच्या आजोबांच्या टायमाक होडयेक राळ नि तेल लावीत. आगोटीक होडी वर काढली की पयली गोड्या पाण्यान धुवची, मगे वाळत ठेवची. कोण घाई करी नाय. आता सगळ्यांका सांजेक काम आटपून रातीक इंस्टाग्रामार घालूचा आसता. रे बाबा ओहोटी, ती फायबर भिजली आसतली, ती पयली सुकव. मगे मॅटी नि फिटी.

फायबरकाका_हर्णै
मुसाफिर लाख बोलले. ज्या ओरखड्यात धागे दिसतात त्या वाटेने पाणी आत शिरलेलं असतं, त्यात मीठ. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून नुसतं उन्हात ठेवून भागत नाही. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, तो घाव तर जास्तच. मग ड्रेन प्लग काढून नाळ वर करून ठेवा, आतलं पाणी निथळू दे.

सुकलं की नाही ते बघायला साधी युक्ती. पारदर्शक पॉलिथिनचा वीतभर तुकडा घावावर ठेवून चारी कडा टेपने बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून ओल आहे. आणि रुपयाच्या नाण्याने घावाभोवती टकटक करत जा. टणटणीत आवाज येतो तोवर ठीक, जिथे भद्द वाजेल तिथे आतले थर सुटलेत. तिथे पेन्सिलने रेघ मारा.

वर्सोलीचा_वारा
अलिबागकडून. पावसाळ्यात करायचा बेत असेल तर सोडून द्या. आम्ही एका वर्षी जुलैत शेडमध्ये जेलकोट मारताना पाहिलाय शेजाऱ्यांना. दुसऱ्या दिवशीही बोट चिकटत होतं, वर दुधाळ डाग. शेवटी सगळा खरवडून ऑक्टोबरात परत.

देवबाग_ओहोटी
पण वेळ तर पावसातच मिळतो ना भाऊ. आत्ता मशीन उभं केलं तर मे महिन्याची गर्दी हातची जाते.

लोटेकर_रसायन
मी रेझीनच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. थंड पडलेल्या तळावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो आणि तुम्ही त्यावर रेझीन लावता. ते धरणार कशाला? त्यापेक्षा आत्ता मेमध्ये मोठं मशीन काही दिवस बाजूला काढा. सकाळी अकरा ते दुपारी चार, सावलीत. थेट उन्हात नको, तापलेल्या तळावर जेलकोट ब्रश फिरवायच्या आत गोठतो. संध्याकाळी खारं वारं सुटलं की हात आवरा.

आता हार्डनर, म्हणजे रेझीन आणि जेलकोट गोठवणारं रसायन. १०० ग्रॅम जेलकोटला दीड ते दोन मिली, सिरिंजने मोजून. "गरमी आहे, चार थेंब कमी घालू" हे इथे चालत नाही. एक टक्क्याच्या खाली गेलात तर तो थर कायमचा अर्धकच्चा राहतो, नंतर ऊन दाखवून सुधारत नाही. लवकर गोठतंय असं वाटलं तर एका वेळी कालवायचं प्रमाण कमी करा. आणि तीन टक्के घालून घाई केलीत तर थर ठिसूळ होऊन तडकेल.

यापुढचं नीट वाचा. काही दुकानांत रेझीनबरोबर दोन बाटल्या देतात, एक जांभळी, एक पाण्यासारखी. जांभळी कोबाल्ट (गोठण्याला वेग देणारं), दुसरी हार्डनर. या दोन एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझीन मागा, म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. नंबरचा नव्हे, बंद गॉगल. उरलेलं कालवण डब्यात ठेवून जाऊ नका, जाड थर स्वतःच तापतो, धूर काढतो. वाळूवर पातळ पसरून टाका, गोठलं की उचलून कचऱ्यात.

तळाच्या मॅटसाठी व्हिनाइलएस्टर रेझीन मिळालं तर उत्तम. साध्या पॉलिएस्टरपेक्षा पाणी कमी पितं आणि जुन्या थराला जास्त धरतं. जेलकोटही त्यावर बसतो.

पुणेरी_स्पॅनर
मग एपॉक्सीच का नको? सगळ्यात मजबूत तीच ना?

लोटेकर_रसायन
मजबूत आहेच. पण एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने धरत नाही. एपॉक्सी वापरली की वर टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डब्यांतलं कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंगच मारावा लागतो. एसएमसीच्या मशीनला नेमकं तेच करतात, कारण तिथे पॉलिएस्टर टिकत नाही. दुसरं, बाजारातली चॉप्ड (तुटक धाग्यांची) मॅट ज्या बाइंडरने बांधलेली असते तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट कडकच राहते आणि नीट भिजत नाही. एपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्यायचं. आणि आपल्या दमट हवेत एपॉक्सीवर साबणासारखा बुळबुळीत थर येतो, तो पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही.

फायबरकाका_हर्णै
आता ओहोटीभाऊंच्या मोठ्या मशीनची कृती.

नख अडकणारे दोन ओरखडे: स्क्रूड्रायव्हरच्या कोपऱ्याने किंवा छोट्या बिटने इंग्रजी व्हीसारखी खाच उघडा. न उघडता नुसतं वरून लिंपलंत तर जेलकोट खाली उतरत नाही, हवा अडकते. कडा १२० नंबर पॉलिश पेपरने खरखरीत करा. अ‍ॅसिटोनने पुसा, पुसलेलं फडकं परत फिरवू नका, दरवेळी कोरडी बाजू. मग जेलकोट किंचित उंच भरा.

चिरांचं जाळं: प्रत्येक चीर उघडा. पण खाली नाणं भद्द वाजत असेल तर जेलकोट भरून उपयोग नाही, त्या परत उगवतील. तो भाग धाग्यापर्यंत घासायचा.

धागे दिसतात तो घाव: ग्राइंडरला ८० नंबर लावून सुटलेलं सगळं काढा. काढताना हात आखडू नका. मग कडांना उतार द्या, खोलीच्या बारापट. घाव दोन मिलिमीटर खोल तर चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर उतार. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर म्हणजे साधारण एक मिलिमीटर, त्या हिशोबाने तुकडे फाडून घ्या. कापू नका, फाडलेल्या कडेचे धागे जुन्यात मिसळतात. आधी मोठा तुकडा, वर छोटा.

ग्राइंडर लावण्याआधी पेट्रोलचा विचार करा. सीट उघडी टाकून आतली वाफ जाऊ द्या, बॅटरी सुटलेलीच असू दे, टाकीचं झाकण घट्ट.

खाडीपट्टा_रत्नागिरी
काका, आमच्याकडे उलटं करतात. आधी छोटा, मग मोठा. वाडग्यासारखा खड्डा भरत येतो.

फायबरकाका_हर्णै
माहीत आहे. ती पद्धत दिसायला सुबक. पण वर मोठा तुकडा ठेवलात की पेपर मारताना त्याच्याच कडा कापल्या जातात, आणि ताज्या घासलेल्या जुन्या पृष्ठभागाला पूर्ण रुंदीने धरून बसलेला असा एकही थर उरत नाही. मोठा खाली असेल तर तो सगळ्या उताराला चिकटतो.

खाडीपट्टा_रत्नागिरी
तुमचा मुद्दा कळला, पण आमच्या होड्या पण सुटल्या नाहीत अजून :)

फायबरकाका_हर्णै
होडीला एवढ्या वेगाचे आपटे बसत नाहीत. असो, इथे भांडून मॅट भिजणार नाही.

सानेगुर्जी_नव्हे
अडाणी प्रश्न. जेलकोट मारल्यावर वरून चिकट राहतो तो कायमचा का? मी वॉश बेसिनला मारून पाहिला होता.

लोटेकर_रसायन
हवा लागली की पॉलिएस्टरचा वरचा पापुद्रा पूर्ण पिकत नाही. दोन उपाय. शेवटच्या हातात वॅक्स सोल्युशन घालायचं, ते वर तरंगून हवा तोडतं. फक्त शेवटच्या! मधल्या थरात घातलंत तर पुढचा थर मेणावरून घसरेल. नाहीतर छोट्या जागेवर जुनी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) दाबून टेपने बसवायची. आतला बुडबुडा बोटाने कडेला सरकवायचा. शीट काढली की खाली काचेसारखं गुळगुळीत, घासायचं कामही अर्ध्यावर येतं.

वर्सोलीचा_वारा
ओहोटीभाऊ, बोथट कण्याचं कोणी बोललं नाही. जेलकोट परत मारा, पण रोज पुळणीवर ओढणार असाल तर पुन्हा जाणारच. आमच्याकडे पाण्यातच ट्रॉली उतरवून मशीन वर घेतात. आणि ट्रॉलीच्या फळ्यांवरचं कार्पेट तपासा. त्यात वाळू रुतून बसते आणि प्रत्येक चढ-उताराला तळावर पॉलिश पेपर फिरतो. आठवड्याला जोरात पाणी मारून धुवा. बाजारात कण्याला चिकटवायची पट्टी मिळते, तीही चांगली, पण ती नव्या जेलकोटवर लगेच लावू नका. आतला वास पूर्ण जाऊ द्या.

उथळ पाण्यात इंजिन चालू ठेवायची सवय मोडा. मॅन्युअलमध्ये दोन-तीन फूट पाण्याची अट असते ती उगाच नाही. तळ वाचतो तो वाचतोच, पण वाळू-शिंपले आत ओढले जाऊन पंपातला पंखा (इंपेलर) आणि त्याभोवतीची कडी (वेअर रिंग) खातात. त्याचं बिल तळापेक्षा मोठं.

देवबाग_ओहोटी
गॅरेजवाला तळाला अँटिफाउलिंग रंगही मारू म्हणत होता. शंख-शिंपले धरत नाहीत म्हणे.

वर्सोलीचा_वारा
मशीन रात्री पाण्याबाहेर असतं ना? मग कशाला? ते खाडीत महिनोन्महिने नांगरलेल्या बोटींसाठी. शिवाय तांब्याचं अँटिफाउलिंग जेट पंपाच्या अ‍ॅल्युमिनियमजवळ लावलं तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. आणि कोणीही रंगारी तळाखाली घुसला तर त्याला पंपाजवळचा झिंकचा तुकडा दाखवून ठेवा, अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजण्यासाठी बसवलेला. तो रंगवला की त्याचं काम बंद. आमच्याकडे एकाने "चकाचक करून दिलं साहेब" म्हणत तोही रंगवला होता.

देवबाग_ओहोटी
अपडेट. मोठं मशीन बाजूला काढलं, घरचे नाराज आहेत, पण काढलं. दोनदा गोड्या पाण्याने धुतलं. पॉलिथिन लावलं तर पहिल्या सकाळी धाग्याच्या घावावर तीळ-तीळ दव. बाकीच्या दोन ओरखड्यांवर काही नाही. आता जवळ पंखा लावून ठेवलाय, परवापासून पॉलिथिन कोरडं येतंय. नाण्याने टकटक केली. जिथे चिरांचं जाळं आहे तिथे तळहाताएवढा भाग भद्द वाजतो. बाहेरून तिथे एकच बारीक चीर दिसत होती, म्हणून मी त्यावर नुसता जेलकोट मारणार होतो.

व्हिनाइलएस्टर रत्नागिरीहून मागवलंय. जेलकोट पांढरा मिळाला, पण माझं मशीन जरा पिवळट पांढरं आहे.

फायबरकाका_हर्णै
शाब्बास. तो तळहाताएवढा भाग पूर्ण उघडा, मग मागे बघू नका.

रंग जुळवायचा तर मशीनचा जो भाग सीटखाली, उन्हापासून लपलेला आहे त्याच्याशी जुळवू नका. बाहेरचा पॉलिश करून जी छटा निघेल तिच्याशी जुळवा. पिवळी आणि करडी पिगमेंट पेस्ट काडीच्या टोकाने, हार्डनर घालण्याआधी. थोडासा नमुना हार्डनर घालून वाळवून बघा, ओला असताना वेगळा दिसतो. तळाला एवढी जुळवाजुळव कोण बघणार म्हणा, मासेच.

पिकल्यावर ३२० वॉटर पेपर, मग ६००, १०००, १५००. खाली लाकडी ठोकळा धरा, नुसत्या बोटांनी घासलंत तर खळगे पडतात. मग रबिंग कंपाउंड, मग वॅक्स. कडा घासताना जुना जेलकोट उडवू नका, तिथे आधीच पातळ झालाय. घासताना मास्क. काचेची धूळ अंगाला लागली तर आधी थंड पाणी, गरम नको, खाज दुप्पट होते. आणि तो भुगा खाडीत धुऊन टाकू नका, गोळा करा.

मालवणी_मुसाफिर
हर्णैकरांनू, ता सगळा बरोबर. पण लाल पाण्याचो डाग खंय जाता? पावसात खाडी लाल होता तेवा सगळ्या फायबर होडये पिवळे पडतत. घासून घासून हात मोडले.

लोटेकर_रसायन
घासू नका, ते लोखंडाचे डाग आहेत, लाल मातीतले. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून ब्रशने लावा. दहा-पंधरा मिनिटांनी डाग आपोआप फिका पडतो, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. विषारी आहे, तोंडाजवळ नको, कोंबड्या-गुरं पितील असं पाणी साचू देऊ नका. ट्रॉलीच्या झिंकच्या पत्र्यावरही सांडू नका. ओहोटीभाऊ, तुम्ही हे नव्या जेलकोटच्या आधी करा. डाग काढूनच रंग जुळवा, नाहीतर पिवळ्या डागाशी जुळवलेला जेलकोट पुढे एकटाच पिवळा राहील.

देवबाग_ओहोटी
बरं झालं आत्ताच सांगितलंत, पिगमेंट उद्या कालवणार होतो. आज अ‍ॅसिडने पुसून घेतो. कुडाळला ऑक्झॅलिक कुठे मिळेल?

खाडीपट्टा_रत्नागिरी
लाद्या-संगमरवर पॉलिश करणाऱ्यांचं सामान विकणारा असेल त्याच्याकडे. ते लोक हेच वापरतात.

सानेगुर्जी_नव्हे
माझ्या वॉश बेसिनचं काय?

फायबरकाका_हर्णै
गुर्जी, वेगळा धागा काढा.